सम्राट आणि कूलरची खिडकी

पडद्यावर आमचं होस्टेल दिसत होतं, पण त्याला खिडक्या नव्हत्या.

मी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. तरीही नव्हत्या. खिडक्यांच्या जागी पांढरेशुभ्र खांब उभे होते. जाडजूड, डोक्यावर कोबी उमलल्यासारखी नक्षी असलेले. मधोमध दोन मजली कमान. कमानीवर चार घोड्यांचा रथ. आणि रथात, हातात लगाम धरून, आमचे आबासाहेब.

‘‘कसं वाटते मॅडम?’’ रथातले आबासाहेब खुर्चीतून म्हणाले.

आबासाहेब म्हणजे अकोल्याजवळच्या एका शिक्षण संस्थेचे अध्यक्ष. संस्थेचं नाव सांगत नाही. तुम्ही वऱ्हाडातले असाल तर तुमच्या तालुक्यात अशी एक असेलच, तीच समजा. कॉलेजला वडिलांचं नाव, ग्रंथालयाला आईचं, सभागृहाला स्वतःचं. मुलींचं होस्टेल तेवढं बिननावाचं राहिलं होतं. ते मी बांधलेलं. मी आर्किटेक्ट, अमरावतीला राजापेठेत माझं ऑफिस होतं, खाली ट्यूशन क्लास आणि वर मी. आता रिटायर झाले आहे आणि नातीला घराची चित्रं काढून देते. हा प्रसंग घडला तेव्हा तरुण होते, म्हणजे नुकतीच साठी उलटली होती.

पडद्याशेजारी पुण्याहून आलेला डिझायनर उभा होता. गोड मुलगा. तो म्हणाला, ‘‘मॅम, ही फक्त एलिव्हेशन ट्रीटमेंट आहे.’’

एलिव्हेशन म्हणजे इमारतीचा समोरून दिसणारा चेहरा. ट्रीटमेंट म्हणजे त्या चेहऱ्याला लावायची पावडर. जुन्या भिंतीपुढे हातभर अंतरावर दुसरी एक भिंत उभी करायची, जीआरसीची. जीआरसी म्हणजे सिमेंटमध्ये काचेचे धागे घालून ओतलेलं पातळ कवच. दिसायला दगड, आतून पोकळ. टिचकी मारली तर रिकाम्या डब्यासारखं वाजतं.

‘‘आणि खिडक्या?’’

‘‘खिडक्या आहेत ना मॅम, मागे. फक्त दिसत नाहीत. आणि वरती एअर गॅप ठेवलाय.’’

आबासाहेब पुढे सरकले. ‘‘मॅडम, आमी युरोपले गेलतो ना संक्रांतीनंतर. रोम पाह्यलं. बाप्पा! राजा मरून दोन हजार वर्सं झाले, अन् त्याच्या कमानीसमोर लोकं आजबी फोटो काढून राहिले. मी म्हटलं, आपण काय केलं जिंदगीत? चौकात फ्लेक्स लावला. वाढदिवस झाला का फाटला.’’

‘‘म्हणजे हा न फाटणारा फ्लेक्स.’’

‘‘आता कसं बरोबर बोल्ले!’’ ते खूश होऊन म्हणाले.

माझा टोमणा त्यांना टोमणा वाटलाच नाही, आणि खरं म्हणजे तो टोमणा नव्हताही. रोमच्या कमानी फ्लेक्सच होत्या. सम्राट लढाई जिंकून आला की कमान उभी राहायची आणि तिच्यावर कोरायचे तो कसा जिंकला, कैदी कसे चालले आहेत, लुटीचं सामान कसं मिरवलं जातंय. वाचता न येणाऱ्यालाही कळावं की आपला मालक कोण. ऑगस्टस पंचाहत्तरीपर्यंत जगला, पण पुतळ्यात कायम ऐन तिशीतला. (आबासाहेबांचा रथातला फोटोही पहिल्या निवडणुकीचा होता.) ट्राजनने तर एक प्रचंड स्तंभ उभारला. त्याच्यावर युद्धाची गोष्ट पट्टीसारखी गोल गोल फिरवत वरपर्यंत नेलेली. खाली उभ्या माणसाला वरची चित्रं दिसतच नाहीत. दिसावीत अशी फारशी गरजही नव्हती. मान दुखेपर्यंत वर बघावं आणि आपण किती खुजे आहोत ते कळावं, एवढं झालं की काम झालं.

हे सगळं मला पाठ आहे, कारण नागपूरला शिकताना मी त्या खांबांच्या प्रेमात पडले होते. अंधाऱ्या वर्गात सर रोमच्या स्लाइड दाखवायचे आणि मी उसासे टाकायचे. लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याच्या फोटोत मी आधी रुंदी आणि उंची यांचं प्रमाण बघितलं होतं. धामणगाव रेल्वेच्या एका धान्य-व्यापाऱ्याचं घर हे माझं पहिलं काम. तोंडभर गॉगल लावून मी त्यांना इंग्रजीत ‘प्रपोर्शन’ समजावलं आणि पोर्चला रोमन खांब ठोकून दिले. वास्तुशांतीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या आईने दोन खांबांना दोरी बांधून गोधड्या वाळत घातल्या. मी घरी येऊन रडले. आई म्हणाली, ‘‘कावून रडतं व? बुढीनं खांब कामाले तं लावले!’’ आज वाटतं, माझ्या त्या कामाचं एवढं नेमकं परीक्षण पुन्हा कुणी केलं नाही.

तर मुद्दा खिडक्यांचा.

वऱ्हाडात खिडकी ही बाहेर बघायची वस्तू नाही. ती कूलर बसवायची जागा आहे. ज्याने अकोल्याचा मे महिना सोसला नाही त्याच्यासाठी सांगते. कूलर म्हणजे पत्र्याचा खोका, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, त्यांवरून पाणी झिरपतं. पंखा बाहेरची कोरडी गरम हवा त्या ओल्या जाळ्यांतून ओढतो आणि थंड करून आत फेकतो. याला दोन अटी. कूलरची पाठ बाहेरच्या उघड्या हवेत हवी, आणि आत आलेली दमट हवा निघून जायला दुसरी वाट हवी. पाठ कोंडली तर तो तीच ती हवा ओढत राहतो, ओलीला आणखी ओली करतो, आणि खोलीचं इडलीपात्र होतं. म्हणून आम्ही खिडक्या काढतो त्या कूलरच्या मापाने, खाली लोखंडी स्टँडसाठी आधार ठेवून. होस्टेलच्या खिडक्या मी तशाच काढल्या होत्या, रस्त्याच्या बाजूला, उत्तरेला, सावलीत. मागच्या बाजूला कॉरिडॉर, त्यापलीकडे संडास-बाथरूम आणि मेस.

मी हे सगळं आबासाहेबांना सांगितलं. शांतपणे. मला शांतपणे बोलताना बघून माझा नवरा नेहमी खोलीबाहेर जायचा.

‘‘पोरींले सवय असते मॅडम,’’ आबासाहेब म्हणाले. ‘‘आमी तं टिनाखाली शिकलो.’’

मी टेबलावरचा रिमोट उचलला आणि एसी बंद केला.

‘‘हे काय करून राहिले?’’

‘‘सवय आहे ना तुम्हाला?’’

त्यांनी हसून रिमोट काढून घेतला. पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. ‘‘पाहा मॅडम, जूनमधी उद्घाटन हाये. मंत्रीसाहेब येऊन राहिले. जुन्या नकाशावर तुमची सही हाये म्हणून नव्यावरबी तुमचीच पायजे, परवानगीले सोपं जाते. नाही केली तं दुसरा सही करणारा भेटते.’’

मी तिथून उठून सरळ होस्टेलवर गेले.

वॉर्डन कुसुमताई मेसमध्ये भाजी निवडत बसल्या होत्या. माझ्याच वयाच्या, विधवा, होस्टेल उघडलं तेव्हापासून तिथल्याच. त्यांना चित्राबद्दल काहीच माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं तशी त्यांच्या हातातली मेथी तिथेच राहिली.

‘‘खिडक्या बुजोल्या तं मे महिन्यात पोरी राहतीन काय मॅडम? घरी जातीन. अन् एकदा घरी गेली का बाप म्हणते, आलीच हायेस तं पाहुणे बोलावतो. पत्रिका छापूनच निरोप येते मले.’’

शेजारी प्रणाली होती. मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यातली, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिची परीक्षा उन्हाळ्याच्या शेवटी, म्हणजे अख्खा मे होस्टेलवर काढून अभ्यास करायचा.

‘‘माझे बाबा तं बहाणाच पाहून राहिले,’’ ती म्हणाली. ‘‘मागच्या साली कूलरची मोटर जळली, तं दुसऱ्या दिवशी घ्याले आलते मले. कुसुमताईनं आपला कूलर देल्ला म्हणून वापस गेले. माझ्या काकाच्या दोन्ही पोरी अशाच गेल्या, मॅडम. उन्हाया काढाले म्हणून.’’

मला संताप आला. अजूनही येतो. एका माणसाला रथात बसायचं आहे म्हणून या पोरीच्या खिडकीपुढे डबा लावायचा. तिची नर्सिंगची परीक्षा एकीकडे आणि कोबीच्या नक्षीचे खांब दुसरीकडे, आणि बैठकीतल्या कुणालाही यात काही चुकतंय असं वाटलं नव्हतं. वरून त्या बैठकीच्या भिंतीवर पाटी होती, ‘मुलगी शिकली, प्रगती झाली’. सोनेरी अक्षरांत.

मी आबासाहेबांना फोन केला. प्रणालीची परीक्षा, तिच्या बापाचा बहाणा, सगळं सांगितलं; ते ‘पाहू’ म्हणाले. म्हटलं, सहीचा विचार करते, पण आधी मॉकअप.

मॉकअप म्हणजे नमुना. जे बांधायचं त्याचा एक तुकडा, खऱ्या मापात, स्वस्त सामानात उभा करून बघायचा. मोठ्या कामात करतातच. त्यांना वाटलं मॅडम लाइनवर आल्या. लगेच हो म्हणाले.

बांबू मिळाले. आता भिंत कशाची करायची? कुसुमताई म्हणाल्या, संस्थेच्या गोदामात फ्लेक्स लय पडले हायेत. गेलो. आबासाहेबांच्या वाढदिवसांची थप्पीच होती. त्यातला सगळ्यात मोठा काढला. ‘कार्यसम्राट’ असं लिहिलेला. प्रणालीच्या खिडकीबाहेर, नकाशात होतं तेवढ्याच अंतरावर, बांबूंना ताणून, बाजूच्या आणि खालच्या कडा भिंतीला टेकवून बांधला. वरती डिझायनरने दाखवलेली फट बरोबर तेवढीच सोडली. कुणी उगीच अन्याय केला म्हणायला नको.

‘‘मॅडम,’’ प्रणालीने स्टुलावरून विचारलं, ‘‘साहेबाचं तोंड आत करू का बाहेर?’’

‘‘बाहेर. आत ते स्वतः बसणार आहेत.’’

आबासाहेब एप्रिलच्या उन्हात दुपारचं जेवण करून आले, कडक स्टार्चच्या पांढऱ्या कुर्त्यात. मागे पुण्याचा मुलगा, हातात रंगीत चित्राची गुंडाळी. बाहेरून फ्लेक्स बघून त्यांना बरं वाटलं असावं. आत येऊन ते प्रणालीच्या खाटेवर बसले. मी कूलर लावला, दार लोटलं.

‘‘थंडंच तं हाये!’’ ते म्हणाले.

‘‘बसा जरा. चहा येतोय.’’

चहा आला. गरम. प्रणाली कोपऱ्यातल्या टेबलाशी वाचत बसली होती, तिला मी तसंच सांगितलं होतं. हळूहळू खोलीतली हवा जड झाली. चादर दमट लागायला लागली. मुलाने चित्र उलगडून मांडीवर धरलं होतं, त्याचे कोपरे मऊ पडून खाली लोंबले. आबासाहेबांच्या कुर्त्याची बाही आधी मोडली, मग चिकटली. त्यांनी गळ्याचं बटण काढलं. मग दुसरं.

‘‘दरवाजा उघडा ना कोणी.’’

‘‘सर, दरवाजा रातीले बंदच ठेवा लागते,’’ प्रणाली पुस्तकातून मान वर न करता म्हणाली. ‘‘कॉरिडॉर हाये ना.’’

‘‘अन् रातभर असंच?’’

‘‘लाइट राहिली तं.’’

आबासाहेब उठले. खिडकीच्या शेजारच्या झडपेतून हात बाहेर घालून त्यांनी फ्लेक्स बाजूला ओढला. वाऱ्याची एक झुळूक आत आली. बाहेर त्यांचा चेहरा नाकापासून दुमडला असणार. आतून दिसला नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

मला वाटलं, संपलं. माणूस आहे, उकडलं, कळलं. मी सुखाने श्वास घेतला.

‘‘मंग खिडक्या मागून काढा,’’ आबासाहेब म्हणाले.

‘‘मागे संडास आहेत!’’

‘‘मग एक्झॉस्ट देता येईल सर,’’ मुलगा म्हणाला. ‘‘प्रत्येक रूमला.’’

तेव्हा माझा आवाज चढला. ‘‘हो! भिंती फोडा, पंखे लावा, संडासाची हवा पोरींच्या नाकात घाला, पोरी उकडून काढा, पण खांब तेवढा हलवू नका! लाज वाटत नाही? ज्या पोरींच्या नावावर संस्था चालवता त्यांच्यापुढे थोबाड उभं करता?’’

आवाज ऐकून कुणीतरी दार ढकललं. दारात कुसुमताई, त्यांच्या मागे पोरींची गर्दी.

‘‘आवाज खाली, मॅडम,’’ आबासाहेब फार हळू म्हणाले. ‘‘संस्था माझी हाये.’’

‘‘संस्था असेल. हवा नाही.’’

वाक्य छान होतं. उपयोग शून्य. त्यांचा चेहरा दगडाचा झाला, आणि तो जीआरसीचा नव्हता. मला दिसलं की मी बरोबर बोलून काम घालवलं आहे. आता हा माणूस मागे हटूच शकत नव्हता. पोरी बघत होत्या. पोरींपुढे हटलेला अध्यक्ष दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर किस्सा होतो. पंचविशीतली मी असते तर पर्स उचलून, दार आपटून निघाले असते आणि पुढची वर्षं सगळ्यांना सांगत फिरले असते की मी कसं ठणकावलं. आणि प्रणालीच्या खिडकीपुढे डबा उभा राहिला असता.

मी खाटेवर बसले. पाणी प्यायले.

‘‘आबासाहेब, रोममध्ये तुम्ही फोटो काढला तो दाखवा बरं.’’

ते बिचकले. पण मोबाइल निघाला. फोटो काढलेल्या माणसाला तो दाखवायचा असतोच. टायटसच्या कमानीसमोर आबासाहेब, डोक्यावर टोपी, कमरेवर हात.

‘‘कमानीच्या मागे काय दिसतंय?’’

‘‘आभाय.’’

‘‘आणि बाजूला?’’

त्यांनी फोटो मोठा केला. ‘‘काहीच नाही.’’

‘‘बघा. खऱ्या सम्राटाची कमान एकटी उभी असते. कुणाच्या इमारतीला टेकून नाही. तिच्यात कुणी राहत नाही, झोपत नाही. तुमची कमान होस्टेलला चिकटली तर मागे पोरी राहणार. गच्चीवर कपडे वाळणार. वारा सुटला की रथावर येऊन पडणार.’’ मी थांबले. ‘‘मंत्रीसाहेब फीत कापतायत, आणि वरती घोड्याच्या तोंडावर ओढणी.’’

कुसुमताईंनी पदर तोंडाशी नेला. आबासाहेब मुलाच्या हातातलं नव्हे, डोळ्यांपुढचं चित्र बघत होते.

हे मी सांगितलं ते अर्धंच खरं होतं. शहराच्या तटाला जोडलेल्या रोमन कमानीही आहेत. पण त्या आबासाहेबांच्या टूरमध्ये नव्हत्या.

‘‘मंग कुठी पायजे?’’ त्यांनी विचारलं.

‘‘फाट्यावर. कॉलेजकडे वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी. चारी बाजूंनी मोकळी. येणारा प्रत्येक माणूस तुमच्या खालून आत येईल.’’

‘‘खालून,’’ ते स्वतःशी म्हणाले. मग मुलाकडे वळले. ‘‘हे तुमाले काहून नाही सुचलं बे?’’

दुसऱ्या दिवशी पोरींनी फ्लेक्स सोडला. मी फाट्यावरच्या कमानीच्या नकाशावर सही केली. नागपूरच्या आमच्या कॉलेजातल्या कुठल्याही सरांनी ती कमान बघितली असती तर माझी डिग्री परत मागितली असती.

अमरावतीला परत येताना गाडीत मी स्वतःवर चिडले होते. जिंकले होते, पण कशाच्या जोरावर? पोरीच्या परीक्षेचं वजन पडलं नाही. बहाणा शोधणाऱ्या तिच्या बापाचं पडलं नाही. ते स्वतः त्या खोलीत शिजले, त्याचंही पडलं नाही. वजन पडलं ते घोड्यावरच्या ओढणीचं. पोरींची हवा वाचवायला मला त्या माणसाला आणखी मोठा सम्राट करावं लागलं, होस्टेलवरून उचलून थेट रस्त्यावर बसवावं लागलं. आणि आठवलं की स्लाइडच्या त्या अंधाऱ्या वर्गात सरांनी कमानी दाखवल्या, स्तंभ दाखवले. त्यांच्या आजूबाजूला कोण राहत होतं, कुठे झोपत होतं, याची एकही स्लाइड नव्हती. नीरोने जळालेल्या शहराच्या जागेवर महाल बांधला, त्यात तळं केलं. नंतरच्या एका सम्राटाने तळं बुजवून लोकांसाठी प्रेक्षागार बांधलं. परीक्षेत मी त्या दुसऱ्याला लोकांचा राजा ठरवून पुरवण्यांवर पुरवण्या लावल्या होत्या. त्या प्रेक्षागारात लोकांच्या करमणुकीसाठी माणसंच मारत, हे मला ठाऊक होतं. मी मोजत बसले होते खांबांची जाडी. चांगले मार्क मिळाले.

पुढचं थोडक्यात. कमान झाली, मंत्री आले, रथाला हार पडला. प्रणालीने मे महिना कूलरपुढे बसून काढला, पास झाली. आता अकोल्यातच एका दवाखान्यात नोकरी करते, आणि माझं बीपी वाढलं की माझ्यावर ओरडते.

काही वर्षांनी संस्थेत भांडणं झाली. आबासाहेबांचा पुतण्या अध्यक्ष झाला. त्याचा मला फोन.

‘‘मॅडम, कमान मस्त हाये. पाडत नाही. फक्त रथातलं मुंडकं बदलाचं हाये.’’

मी इतकी हसले की खालच्या क्लासचे मास्तर वर बघायला आले. रोममध्ये अगदी हेच चालायचं. कॉन्स्टन्टाइनची प्रसिद्ध कमान आहे, तिच्यावर कितीतरी शिल्पं आधीच्या सम्राटांच्या स्मारकांवरून काढून आणलेली आहेत. त्यातले जुन्या राजांचे चेहरे नव्या राजासारखे कोरून घेतले. धड एकाचं, तोंड दुसऱ्याचं.

‘‘मी आर्किटेक्ट आहे,’’ मी म्हटलं. ‘‘न्हावी नाही.’’

दुसरा कुणी भेटला त्याला. मान जरा जाड झाली आहे आणि तिचा रंग धडाशी जुळत नाही.

मागच्या मे महिन्यात मी होस्टेलवर गेले होते. समोर उभं राहून बघितलं. खिडकीखिडकीत कूलर, कुणाचा निळा, कुणाचा पांढरा, एकाला दोरीने बांधलेलं. खाली भिंतीवर पाण्याचे आणि गंजाचे ओघळ. माझ्या उभ्या आयुष्यातलं सगळ्यात कुरूप एलिव्हेशन. आतून कूलरांची घरघर आणि कुणीतरी मोठ्याने पाठांतर करत असल्याचा आवाज येत होता. कुसुमताईंनी वरून हाक मारली, ‘‘मॅडम, उन्हात काहून उभ्या? आत या ना.’’

शिकायचं असेल तर एवढंच शिका. कुणी तुम्हाला इमारत बाहेर उभं करून दाखवत असेल, तर आधी आत जाऊन बसा. शक्यतो मे महिन्यात, जेवणानंतर.